सफमध्ये जागा, खोलीला नकार: डोंगरीतील एका भाडेकराराचे प्रकरण

दक्षिण मुंबईतील डोंगरीत, पुनर्विकासानंतर उभ्या राहिलेल्या एका इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरची खोली सहा महिन्यांसाठी भाड्याने देण्याचे ठरले, टोकनची रक्कम घेतली गेली आणि चार दिवसांत ती परत करण्यात आली. खोली मागणारा गृहस्थ उत्तर नायजेरियातील कानो शहराचा कापड व्यापारी होता. खोलीचे मालक, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, हे मूळचे रायगड जिल्ह्यातील मुरूडकडचे कोकणी मुसलमान. घरात मराठी आणि कोकणी बोलणारे, आयुष्याची उमेदीची वर्षे सौदी अरेबियात नोकरीत घालवून परतलेले. दोघेही शुक्रवारची नमाज एकाच मशिदीच्या सफमध्ये, म्हणजे नमाजींच्या रांगेत, उभे राहून पढत असत. कानोकडे मालिकी पंथाची रीत असल्यामुळे तो व्यापारी नमाजमध्ये हात न बांधता बाजूला सोडून उभा राहत असे, तर चाचा शाफई पंथाच्या रीतीप्रमाणे छातीखाली हात बांधत. या फरकाबद्दल मशिदीत कोणी कधी एक शब्द काढला नव्हता. नकार आला तो खोलीच्या व्यवहारात, आणि तो रंगावरून आला.

भाड्याच्या वादांत दोन्ही बाजूंना बसवून बोलणे करून देणाऱ्या वस्तीतील काही जणांपैकी मी एक आहे, आणि हे प्रकरण आमच्याकडे आले तेव्हापासूनच्या नोंदी माझ्याकडे आहेत. माणसांची नावे, इमारतीची खूण आणि मशिदीचे नाव येथे दिलेले नाही, कारण ही माणसे आजही एकमेकांच्या शेजारी राहतात. प्रकरण लहान आहे. पण वर्णभेद म्हणजे मनातला द्वेष आणि त्यावर उपाय म्हणजे चांगले प्रवचन, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती या एका खोलीच्या हिशेबात टिकत नाही, म्हणून ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

नकाराच्या आधीचा भाव

आम्ही सुरुवात नकारापासून केली होती. पण चौकशी करताना लक्षात आले की अन्याय नकाराच्या दिवशी सुरू झालेला नव्हता. होकार देतानाच तो झालेला होता. स्थानिक कुटुंबाला ज्या भाड्याने ती खोली मिळाली असती, त्याच्या पावणेदोन पट भाडे या व्यापाऱ्याला सांगण्यात आले होते. अनामत रक्कम दोन महिन्यांऐवजी सहा महिन्यांची, आणि दलाली एक महिन्याऐवजी दोन महिन्यांची. त्याने हे सगळे मान्य केले होते.

दलालाने आम्हाला स्वतःची खिशातली डायरी दाखवली, आणि ती दाखवताना त्याला काही लपवावेसे वाटले नाही. प्रत्येक खोलीपुढे दोन आकडे होते. पहिला बॉलपेनने लिहिलेला, दुसरा त्याच्याखाली पेन्सिलीने, आणि पेन्सिलीच्या आकड्यापुढे ‘आ.’ हे अक्षर. ‘आ.’ म्हणजे आफ्रिकन. काही खोल्यांपुढे दुसरा आकडा नव्हता, फक्त फुली होती. “लोकल पार्टीचा भाव वेगळा, काळ्या पार्टीचा वेगळा,” तो म्हणाला. “आम्ही जबरदस्ती कुठे करतो? ते देतात ना!” ते देतात हे खरे होते. ज्या खोल्यांपुढे फुली आहे त्या त्यांना मिळणारच नसतात, म्हणून उरलेल्या खोल्यांना ते जास्त देतात. फुलीमुळेच पेन्सिलीच्या आकड्याला भाव येतो, आणि डायरीत हे दोन्ही एकाच हाताने लिहिलेले होते.

पाहुणा परदेशी आहे, कागदपत्रांची कटकट आहे, पोलिसांकडे माहिती द्यावी लागते, म्हणून भाडे जास्त, असे समर्थन चाचांनी आणि दलालाने दोघांनीही केले. परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने चोवीस तासांत त्याची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी लागते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात, आणि ते न केल्यास मालक अडचणीत येतो. ही काळजी खोटी नाही. मात्र त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आदल्या वर्षी, मुंबईत उपचारासाठी आलेले एक ओमानी कुटुंब भाड्याने राहून गेले होते. तेही परदेशीच होते, सी-फॉर्म त्यांचाही भरावा लागला होता, त्यांच्याकडेही रात्री पाहुणे येत. त्यांना सांगितलेले भाडे थोडे चढे होते, पण पावणेदोन पट नव्हते, आणि कमिटीने हरकत घेणे तर दूरच, शेजारच्यांनी त्यांना रमजानमध्ये इफ्तारीची ताटे पाठवली होती. परदेशीपणाचा मुद्दा या तुलनेपुढे टिकत नाही.

आता खोली नसण्याची किंमत पाहिली पाहिजे, कारण भाड्याच्या आकड्यात ती सगळी दिसत नाही. हा व्यापारी मंगळदास मार्केट आणि मुळजी जेठा मार्केटमधून लेस, व्हॉइल आणि ब्रोकेडचे कापड घेऊन कानोच्या कांतिन क्वारी बाजारात विकतो. खोली नसेल तर तो लॉजमध्ये राहतो आणि रोजचे भाडे भरतो. लॉजमध्ये कापडाच्या गाठी ठेवता येत नाहीत, म्हणून त्या मशीद बंदरला आडत्याच्या गोदामात जातात. ज्याच्या गोदामात माल, तोच आडत्या कोणत्या पेढीकडून खरेदी करायची हे सुचवतो आणि दोन्हीकडून कमिशन घेतो. रोज लॉजचा मीटर चालू असल्यामुळे भाव उतरेपर्यंत थांबणे व्यापाऱ्याला परवडत नाही. जो भाव सांगितला जाईल त्यात माल उचलून निघावे लागते. अशा रीतीने एक खोली नाकारली की लॉजवाला, दलाल, आडत्या आणि पेढी या चौघांच्याही वाट्याला थोडे थोडे जास्तीचे येते. या चौघांपैकी एकाच्याही मनात त्या माणसाविषयी द्वेष नव्हता, हे मी त्यांच्याशी बोलून खात्रीने सांगतो. आडत्या तर त्याला जेवायला घरी नेत असे. द्वेष नसतानाही त्याच्या रंगाचा दर ठरलेला होता आणि सगळे तो घेत होते.

हरकती

टोकन दिल्याची बातमी पसरल्यावर सोसायटीच्या कमिटीने तोंडी हरकत घेतली. ‘हबशी लोक’ अमली पदार्थांचा धंदा करतात, रात्री गर्दी करतात, त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो, जिन्यात बायका-मुली असतात, उद्या पोलीस आले तर इमारतीचे नाव जाईल. या व्यापाऱ्याविषयी म्हणून एकही तक्रार नव्हती. तो गेली काही वर्षे याच भागात येत-जात होता आणि त्याच्या पासपोर्टवर व्यवसायाचा वैध व्हिसा होता. मालकाने परवाना तत्त्वावर (लीव्ह अँड लायसन्सने) खोली देण्यासाठी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, सोसायटीला कळवावे लागते. तरीही कमिटीने ना-हरकत पत्राचा आग्रह धरला आणि ते देणार नाही असे सांगितले. चाचा घाबरले आणि त्यांनी रक्कम परत केली.

हरकतींमध्ये सगळ्यांत मोठा आवाज ज्यांचा होता त्या सभासदाचा शेजारच्या गल्लीत बॅगा शिवण्याचा कारखाना आहे. कारागिरांना झोपायला आणि रेक्झिनचे रोल ठेवायला हीच खोली त्यांनी दोन महिन्यांपूर्वी चाचांकडे मागितली होती, चालू भाड्याच्या बऱ्याच खाली, आणि चाचांनी नकार दिला होता. हे त्यांनी सभेत सांगितले नाही. आम्हाला चाचांच्या घरातून कळले. त्यांची भीती पूर्णपणे बनावट होती असे मी म्हणणार नाही. पण खोली रिकामी राहिली तर तिचे भाडे उतरणार होते आणि ते त्यांच्या फायद्याचे होते, हे बाजूला ठेवून त्यांच्या हरकतीचा विचार करता येत नाही.

त्याच मजल्यावरच्या एका शेजारणीचे, ज्यांना सगळे आपा म्हणजे ताई म्हणतात, म्हणणे मला वेगळे आणि अधिक गंभीर वाटले. त्यांनी मोबाइलवर आलेले काही व्हिडिओ पाहिले होते, त्यांना खरोखर भीती वाटत होती, आणि त्या म्हणाल्या, “माणूस भला असेल, पण आम्हाला कोणी विचारलं? एकदा भेट घालून दिली असती तर आम्ही काय म्हणणार होतो?” पुढे ही भेट झाली, व्यापाऱ्याने आपल्या तीन मुलींचे फोटो दाखवले, आणि आपांची हरकत तेथेच संपली. कारखानदारांची हरकत अशा भेटीने संपणारी नव्हती, कारण ती भीतीवर उभी नव्हती.

खोली नाकारली जाणे या देशाला नवीन नाही. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, आणि ज्या ओळखीच्यांकडे त्यांनी आसरा मागितला त्या दोघांनीही, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, सबबी सांगितल्या. परदेशी विद्यापीठातील शिक्षण आणि संस्थानातील पद हाताशी असताना हे घडले.

रंगाचा दर कोठून आला

डोंगरीपासून गोदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि या प्रकरणाचा जुना धागा तेथे सापडतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून सुटणाऱ्या आगबोटींवर बॉयलरमध्ये कोळसा भरण्याच्या कामाला आफ्रिकी वंशाचे खलाशी मोठ्या संख्येने घेतले जात. त्यांना सिदी म्हणत, आणि त्यांच्यातले कितीतरी जण डोंगरीच्या परिसरात राहत. आगवाल्याचे काम जहाजावरचे सगळ्यांत जीवघेणे. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात भट्टीसमोर माणसे कोसळत. हे काम सिदींनाच का, याचे उत्तर कंपन्यांचे लोक असे देत की या लोकांच्या शरीराला उष्णता सोसते. हिंदुस्थानी आणि आफ्रिकी खलाशांना वेगळ्या करारांवर घेतले जाई आणि त्यांचा पगार युरोपीय खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असे. शिवाय भरती करून देणारे घाट सारंग त्यातला वाटा घेत. शरीराला उष्णता सोसते हे मत आधी तयार झाले आणि मग पगार कमी ठरला, असे मानणे कठीण आहे. स्वस्त मजूर भट्टीपुढे हवा होता, आणि तो स्वस्त का असावा याचे कारण नंतर त्याच्या कातडीत शोधले गेले.

अटलांटिकच्या पलीकडे हाच क्रम कायद्याच्या पुस्तकात वाचायला मिळतो. व्हर्जिनियाच्या वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीचे समर्थन धर्माच्या आधारे केले जाई: जो ख्रिस्ती नाही त्याला गुलाम ठेवता येते. मग गुलाम बाप्तिस्मा घेऊ लागले. तंबाखूच्या मळ्यांना तर मजूर हवेच होते. तेव्हा १६६२ मध्ये आईची स्थिती तीच मुलाची स्थिती असे ठरवणारा कायदा झाला, आणि १६६७ मध्ये बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाची सुटका होत नाही असा दुसरा. समान धर्म आड येऊ लागल्यावर धर्माचा आधार सोडून वंशाचा आधार घेण्यात आला. पुढे १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली तेव्हा दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर झाली, आणि ती मिळाली मालकांना.

याची उलट बाजू मुरूडच्या माणसाला सांगायची गरज पडू नये. जंजिऱ्याचे सिद्दी आफ्रिकी वंशाचे होते आणि त्यांचे राज्य १९४८ पर्यंत टिकले. १६८९ मध्ये सिद्दी याकूत खानाच्या फौजेने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले होते. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी शहर (पुढचे औरंगाबाद) वसवले, आणि दख्खनच्या जमीन महसुलाच्या इतिहासात त्याचे नाव आजही घेतले जाते. त्यांच्यापुढे मराठी, दख्खनी, इराणी सरदार अदबीने उभे राहत. चाचांच्या गावची मुले आज पर्यटकांना जंजिऱ्याच्या तोफा अभिमानाने दाखवतात. हातात सत्ता आणि महसूल असला की रंग आड येत नाही. हातात भाड्याचे पैसे घेऊन दारात उभे राहावे लागले की येतो.

शास्त्र काय मागते

या प्रकरणात इस्लामचा संबंध केवळ दोन्ही पक्ष मुसलमान होते एवढ्यापुरता नाही. वर्ण आणि वंश यांच्यावरून श्रेष्ठत्व ठरवण्याला या धर्माच्या मूळ ग्रंथात स्पष्ट नकार आहे. कुराणाच्या एकोणपन्नासाव्या सूरेतील (अध्यायातील) तेरावी आयत (वचन) सांगते की माणसांना एका स्त्रीपुरुषापासून निर्माण केले, त्यांची कुळे आणि टोळ्या केल्या त्या एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, आणि अल्लाहजवळ प्रतिष्ठित तोच जो अधिक ईशभीरू. इसवी सन ६३२ मधील अखेरच्या हजच्या खुतब्यात (प्रवचनात) अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही असे पैगंबरांनी सांगितल्याची परंपरा आहे. हबशी गुलाम असलेले हजरत बिलाल, ज्यांना हजरत अबू बकर यांनी विकत घेऊन मुक्त केले, ते पहिले मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, झाले, आणि मक्का जिंकल्यावर काबाच्या छतावरून त्यांनी अजान दिली. मुंबईतल्या कोणत्याही मदरशातल्या मुलाला हे पाठ असते, आणि सोसायटीच्या कमिटीतल्या सर्वांनाही होते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती बुखारीत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या (हदीसांच्या) प्रमाण संग्रहात, आलेली त्यांचे सहकारी हजरत अबू जर यांची हकीकत. भांडणात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. तो माणूस बिलाल होते आणि शब्द आईच्या काळ्या रंगाबद्दल होता, असे इतर कथनांत येते. पैगंबर त्यांना म्हणाले की तुझ्यात अजून जाहिलियत, म्हणजे अज्ञानकाळाची वृत्ती, शिल्लक आहे. हदीस एवढ्यावर थांबत नाही. पुढे लगेच सांगितले आहे की हाताखालची ही माणसे तुमचे भाऊ आहेत; स्वतः जे खाता ते त्यांना खायला द्या, स्वतः जे नेसता ते नेसायला द्या, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नका, आणि लादलेच तर त्यांना हातभार लावा. रंगावरून निघालेल्या शब्दावर हे जे उत्तर आले आहे त्यात अन्न, वस्त्र आणि श्रम यांचा हिशेब आहे. अपमान आणि मोबदला या दोन गोष्टी येथे एकाच दमात घेतल्या आहेत, आणि डोंगरीच्या खोलीत त्या एकमेकींपासून वेगळ्या काढल्या गेल्या होत्या. शब्दाबद्दल माफी मागायला सगळे तयार होते. पेन्सिलीच्या आकड्याबद्दल कोणी बोलत नव्हते.

मुसलमान समाजांनी हे सगळे पाळले असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. कुराणाने गुलामांना मुक्त करणे हे मोठे पुण्य मानले, जकातीच्या (धर्माने बंधनकारक केलेल्या दानाच्या) खर्चात त्याला जागा दिली, पण गुलामगिरी एका आज्ञेने बंद केली नाही. आणि हिंदी महासागरातल्या गुलामांच्या व्यापारात मुसलमान व्यापारी शतकानुशतके होते. बसऱ्याजवळच्या खारट जमिनी खरवडून काढण्याच्या कामाला लावलेल्या आफ्रिकी गुलामांनी ८६९ मध्ये बंड केले आणि ते चौदा वर्षे चालले. सौदी अरेबियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १९६२ मध्ये. आपल्याकडे अशराफ (उच्चकुलीन) आणि अजलाफ (खालचे मानलेले) असे भेद आहेतच, बिरादरीबाहेर मुलगी देताना डोंगरीत काय होते तेही सर्वांना माहीत आहे. जेथे मोबदल्याचा प्रश्न आला तेथे आयत बाजूला राहिली, हे पुन्हा पुन्हा घडलेले आहे. म्हणूनच ती आयत वाचताना भाड्याची पावतीही समोर ठेवावी, असे माझे म्हणणे आहे.

बैठक

इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर मदरशाच्या खोलीत बैठक झाली. मौलानांनी आयत वाचली, अर्थ सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि कमिटीचे एक सभासद व्यापाऱ्याला म्हणाले की भाई, तुम्ही आमचे भाऊच आहात, मनात काही ठेवू नका. व्यापाऱ्याने बाजारात शिकलेल्या हिंदीत उत्तर दिले, “मौलाना साहब, सफ में जगह है, अल्हमदुलिल्लाह. रूम का बोलो.”

चाचांनी मग खोली देण्याची तयारी दाखवली, ठरलेल्या पावणेदोन पट भाड्यालाच. व्यापारी लगेच हो म्हणाला. बैठक तेथे संपली असती आणि सगळे समाधानाने घरी गेले असते. आमच्यातल्या एकाने विचारले की स्थानिक माणसाला जे भाडे आहे तेच यांना का नाही. चाचा म्हणाले, मार्केट रेट आहे, आणि ते कबूल आहेत.

मौलाना म्हणाले की मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुराणात स्वतंत्र सूरा आहे: घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना घटवतात, अशांचा नाश आहे असे तिच्या आरंभीच म्हटले आहे. नाइलाजाने दिलेला होकार हा खरा होकार मानावा का, यावर फिकहमध्ये (इस्लामी धर्मशास्त्रात) चर्चा झालेली आहे, हेही त्यांनी सांगितले. मग त्यांनी चाचांना, बहुधा सहज, सौदीतल्या दम्मामच्या नोकरीबद्दल विचारले.

चाचा तेथे गोदीत क्रेन चालवत. त्याच क्रेनवर दुसऱ्या पाळीला एक इंग्रज होता. काम तेच, तास तेच. त्याला कंपनीचे घर, मुलांची शाळा आणि वर्षातून एकदा घरी जायचे तिकीट; चाचांना एका कंटेनरात आठ जणांबरोबर खाट आणि दोन वर्षांनी तिकीट. पगारातला फरक सांगताना चाचांनी आकडा सांगितला नाही, हाताने उंची दाखवली. “पासपोर्ट बघून पगार ठरायचा,” ते म्हणाले. “मी एकदा साहेबाला विचारलं होतं. तो म्हणाला, मार्केट रेट.” काही क्षणांपूर्वी स्वतः वापरलेला शब्द त्यांच्या लक्षात आला तसे ते थांबले, आणि मग दलालाकडे वळून म्हणाले, “लोकलचाच लाव.”

येथे चाचांची बाजूही नीट मांडली पाहिजे. त्यांना पेन्शन नाही. सौदीतून परतताना मिळालेली रक्कम दोन मुलींच्या लग्नात आणि गावच्या घरात गेली, आणि या खोलीचे भाडे हेच पतीपत्नीचे मुख्य उत्पन्न आहे. जास्तीच्या भाड्यातून चाचींच्या औषधांचा खर्च निघणार होता. समतेचा खर्च ज्याच्याकडे थोडेच आहे त्याने उचलावा आणि पेढी व आडत्या यांना तोशीस लागू नये, ही गोष्ट मला त्या रात्रीही खटकली आणि आजही खटकते. मशिदीच्या निधीतून चाचांना काही मदत द्यावी अशी सूचना झाली, ती त्यांनी जागच्या जागी नाकारली.

ठरले ते असे. भाडे स्थानिक दराने. अनामत तीन महिन्यांची, कारण परदेशी माणूस वीजबिल थकवून गेला तर वसुली कठीण, आणि ही अडचण व्यापाऱ्यालाही पटली. दलाली एक महिन्याची. करार लेखी आणि नोंदणीकृत, जो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तसाही बंधनकारक आहे आणि जो डोंगरीत अनेकदा टाळला जातो. सी-फॉर्म चाचांच्या नातवाने भरला. सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता जागा भाड्याने देतो तेव्हाची आकारणी, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे हा नियम कमिटीला दाखवून द्यावा लागला, कारण त्यांनी बरीच मोठी रक्कम सांगितली होती.

कायद्याने याहून फार मदत केली नसती. घटनेचे कलम १४ भारतातल्या कोणत्याही व्यक्तीला लागू आहे, पण वंश, धर्म, जात यांवरून भेदभावाला मनाई करणारे कलम १५ नागरिकांपुरते आहे आणि त्याचा रोख मुख्यतः राज्यसंस्थेवर आणि सार्वजनिक जागांवर आहे. खासगी मालकाने कोणाला खोली द्यावी हे त्यात येत नाही. सोसायटीने आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात मान्यता दिली होती. भाड्याच्या घरांतल्या भेदभावाविरुद्ध नेमका कायदा असणे मुंबईसारख्या शहरात अत्यावश्यक आहे; तो नसताना आयत, शेजार आणि एखाद्याची जुनी आठवण यांच्यावर सगळे अवलंबून राहते.

त्यानंतर

व्यापारी सहा महिने राहिला. सर्वांत मोठा फरक पडला तो त्याच्या खरेदीत. गाठी खोलीत ठेवता येऊ लागल्यामुळे त्याने आडत्याला बाजूला ठेवून मुळजी जेठा मार्केटमधल्या दोन पेढ्यांशी थेट बोलणे केले, एका मालासाठी तीन आठवडे थांबला आणि उतरलेल्या भावात घेतला. आडत्याचा राग अजून गेलेला नाही; पूर्वी त्याला घरी जेवायला नेणारा हा माणूस आता मशिदीच्या दारात त्याच्याशी बोलत नाही. आपांनी त्याच्याकडून कानोच्या पद्धतीचा शेंगदाण्याच्या कुटाचा मसाला मागून घेतला. कारखानदार सभासदांना त्याच गल्लीत दुसरी जागा मिळाली.

दलालाच्या डायरीतले पेन्सिलीचे आकडे तसेच आहेत. पुढच्या हंगामात या व्यापाऱ्याचा चुलतभाऊ आला, तेव्हा त्याला माझगावकडच्या एका खोलीसाठी पुन्हा जवळजवळ दुप्पट भाडे सांगितले गेले. त्याने चाचांना फोन केला, चाचा स्वतः त्या मालकाकडे गेले, आणि मालकाने त्यांना बसायलाही सांगितले नाही. चुलतभाऊ सध्या लॉजमध्ये आहे.

चाचांच्या सोसायटीपुढे आता एक ठराव आहे: भाडेकरूविषयी कोणालाही हरकत घ्यायची असेल तर ती लेखी घ्यावी, कारण त्या व्यक्तीच्या वर्तनाविषयीचे असावे, खाली सही असावी, आणि त्या जागेत हरकतदाराचा स्वतःचा काही हितसंबंध असेल तर तो त्याने नमूद करावा. ठराव चाचांनी मांडला आहे, आपांनी अनुमोदन दिले आहे, कारखानदारांचा विरोध आहे. ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्यावर मतदान होईल.